खात्री मागणारी प्रार्थना : धार्मिक ओसीडीचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण ३१ वर्षांच्या एका गणित-शिक्षकाचे आहे. ओसीडी म्हणजे नकोसे विचार मनात पुन्हा पुन्हा येणे आणि ते शमवायला तेच तेच 'विधी' करत राहणे, असा मानसिक आजार. या शिक्षकाच्या बाबतीत त्याचा विषय धर्म होता. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि त्याचा धर्म कोणता हे मुद्दाम सांगितलेले नाही. सांगितला असता तर काही वाचकांनी सगळा दोष त्या धर्माच्या शिकवणीत शोधला असता आणि उरलेल्यांनी 'आपल्यात असं नसतं' म्हणून पान उलटले असते. प्रार्थना, पाप आणि पश्चात्ताप या कल्पना जिथे जिथे आहेत, तिथे हा त्रास नोंदलेला आहे.

घर धार्मिक, पण कडक नव्हते. रोज पंधरा मिनिटांची प्रार्थना, आठवड्यातून एकदा सामूहिक प्रार्थना, आणि आजाऱ्याला भेटणे, अडलेल्याला मदत करणे हाही धर्माचाच भाग मानणारी माणसे. धाक, मारझोड, नरकाच्या भयानक गोष्टी असे लहानपणी काही घडले नव्हते. हे नोंदवायचे कारण असे, की 'घरच्यांनी भीती घातली असेल' हा अंदाज बहुतेक जण सर्वांत आधी करतात. इथे तो लागू पडत नव्हता.

१९व्या वर्षी वसतिगृहात असताना काही महिने तो खोलीचे कुलूप पुन्हा पुन्हा ओढून बघायचा. जिना उतरून गेला तरी परत वर यायचा. परीक्षा संपली, त्रास ओसरला आणि घरच्यांनी 'मंत्रचळ' म्हणून ते हसण्यावारी नेले. पुढची दहाएक वर्षे काहीच नव्हते. नोकरी लागली, लग्न झाले.

मग मूल झाले. बाळ तीन महिन्यांचे असताना तापामुळे त्याला रुग्णालयात ठेवावे लागले. ते बरे होऊन घरी आले त्या संध्याकाळी आभाराची प्रार्थना म्हणताना या माणसाच्या मनात देवाविषयी एक अत्यंत घाणेरडे वाक्य उमटले. ते वाक्य त्याने आम्हाला, म्हणजे त्याच्यावर उपचार करणाऱ्यांना, पहिल्या भेटीत सांगितले नाही. दुसऱ्या भेटीत कागदावर लिहिले आणि कागद पालथा करून टेबलावर सरकवला.

मूल झाल्यानंतरच्या काळात ओसीडी सुरू होणे किंवा जुना उफाळून येणे आयांच्या बाबतीत बरेच परिचित आहे. बापांच्या बाबतीतही ते घडते, त्यांना कोणी विचारत नाही इतकेच.

अडचण

पहिल्या दिवशी त्याने प्रार्थना पुन्हा सुरुवातीपासून म्हटली. वाक्य पुन्हा आले. तिसऱ्यांदा म्हटली. त्या रात्री तो झोपला खरा, पण दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला बसायच्या आधीच 'ते येईल का' असे मनात आले आणि अर्थातच ते आले.

दोन महिन्यांत पंधरा मिनिटांची प्रार्थना अडीच-तीन तासांवर गेली. नियम वाढत गेले. शब्द अडखळला तर पहिल्यापासून. मध्ये श्वास तुटला तर पहिल्यापासून. बाळाचे नाव घेताना ते वाक्य आले तर सगळ्यांत वाईट, कारण मग ते बाळावर जाणार. त्याने एक वही केली. डाव्या रकान्यात दिवसभरात आलेले 'पाप', उजव्या रकान्यात त्याची भरपाई. गणिताच्या माणसाला साजेसा हिशेब होता. फरक एवढाच की तो कधी जुळायचा नाही. शाळेत उशीर होऊ लागला. उत्तरपत्रिकांची बेरीज पुन्हा पुन्हा तपासण्यातही वेळ जाऊ लागला, पण हे त्याने सुरुवातीला सांगितले नाही, कारण त्याच्या लेखी ते 'दुखणे' नव्हतेच.

धर्मगुरूंना दिवसातून पाच-सहा फोन जायचे. ते वयस्क, शांत आणि माणसे ओळखणारे होते. दर वेळी ते सांगत, मनात आपोआप आलेल्या विचाराचे पाप लागत नाही. ऐकले की त्याला मोकळे वाटायचे. तासाभराने मनात यायचे, 'पण मी त्यांना नीट सांगितलं का? तो विचार आपोआप आला की मी जरासा येऊ दिला?' पुन्हा फोन.

रात्री पत्नीची पाळी.

"मी ते मुद्दाम म्हटलं नाही ना?"

"नाही रे."

"नक्की?"

"नक्की. झोप आता."

"तू पटकन बोललीस. विचार करून सांग ना."

पत्नीने नंतर सांगितले की कोणत्या सुरात उत्तर दिले तर तो लवकर गप्प होतो हे तिला पाठ झाले होते.

एक गोष्ट मात्र आम्हाला निदानासाठी फार मोलाची वाटली. प्रार्थना वाढत होती आणि बाकीचा धर्म आटत होता. सामूहिक प्रार्थनेला जाणे बंद, कारण तिथे मध्येच थांबून पहिल्यापासून म्हणता येत नाही. ग्रंथ वाचणे बंद, कारण देवाच्या कोपाचे उल्लेख येतात. आजारी शेजाऱ्याला भेटायला जायलाही वेळ नाही. भक्ती वाढलेल्या माणसाचे आयुष्य सहसा रुंदावते, याचे एकाच खिळ्याभोवती फिरत होते.

निदानाकडे जाताना

आमच्याकडे येण्यापूर्वी तो एका समुपदेशकाकडे गेला होता. तिथे सल्ला मिळाला, 'थोडे दिवस देवधर्म बाजूला ठेवा, ताण कमी होईल.' तो परत गेला नाही. पुढे जवळजवळ चार महिने तो कुठेच गेला नाही, कारण मानसशास्त्र म्हणजे श्रद्धा सोडायला लावणारा उद्योग अशी त्याची खात्री झाली होती. चांगल्या हेतूने दिलेल्या एका वाक्याची ही किंमत.

पहिला प्रश्न हा होता, की ही श्रद्धा आहे की आजार? खरे तर प्रश्नच तसा मांडणे बरोबर नाही, कारण दोन्ही एकाच माणसात एकाच वेळी असतात. म्हणून आम्ही तो असा मांडला : त्याच्याच समाजातल्या श्रद्धाळू माणसांच्या तुलनेत हे वागणे कुठे बसते? हे ठरवायचा अधिकार आमच्यापेक्षा धर्मगुरूंचा जास्त. त्यांनी स्पष्ट सांगितले की त्यांच्या परंपरेत प्रार्थना पहिल्यापासून म्हणण्याचा असा कोणताही नियम नाही, आणि ते स्वतः अडखळले तर पुढे जातात.

दुसरा प्रश्न सायकोसिसचा, म्हणजे वास्तवाचे भान सुटून विचार बाहेरून कुणी घातल्यासारखे वाटण्याचा. देवाविषयीचे शब्द मनात घुमतात असे कोणी सांगितले की ही शक्यता तपासावीच लागते. तो म्हणाला, "विचार माझाच आहे, म्हणून तर भीती वाटते. दुसऱ्या कोणी घातला असता तर मला काय?" हे उत्तर ओसीडीचे आहे. शांत असताना आपली काळजी अवाजवी आहे हे त्याला पटत होते, प्रार्थनेला बसल्यावर पटत नव्हते. नैराश्याची लक्षणे होती. 'मी नसतो तर बाळ सुरक्षित राहील' असे एकदा मनात येऊन गेले होते. याविषयी आडून न विचारता थेट विचारले. कोणतीही योजना किंवा तयारी नव्हती, तरी पुढच्या प्रत्येक भेटीत हा प्रश्न पुन्हा विचारायचे ठरले.

तीव्रता मोजायला येल-ब्राउन मापनश्रेणी वापरली. तिच्यात दहा प्रश्न असतात, ० ते ४० गुण, आणि २४ ते ३१ म्हणजे तीव्र. त्याचे गुण २९ आले.

विचार येतो कुठून हे त्याला समजावणे गरजेचे होते. १९७८ मध्ये स्टॅनली रॅकमन आणि पद्मल डी सिल्वा यांनी दाखवले की नकोसे, किळसवाणे, हिंसक किंवा देवनिंदेचे विचार बहुसंख्य निरोगी लोकांनाही येतात. विचारांच्या मजकुरात फारसा फरक नसतो. फरक पडतो तो माणूस त्या विचाराला काय समजतो यात. पॉल साल्कोव्स्किस यांनी १९८५ मध्ये यातल्या जबाबदारीच्या भावनेवर बोट ठेवले : विचार मला आला, म्हणजे त्याच्या परिणामाला मीच जबाबदार. पुढे रॅकमन आणि सहकाऱ्यांनी विचार आणि कृती एकच मानण्याच्या सवयीचे दोन प्रकार सांगितले. एक, वाईट विचार करणे हे वाईट कृतीइतकेच पाप आहे. दोन, विचार केल्याने ती गोष्ट घडण्याची शक्यता वाढते. या शिक्षकाकडे दोन्ही होते. देवाच्या बाबतीत पहिला, बाळाच्या बाबतीत दुसरा.

आणि विचार दाबण्याचे काय? डॅनियल वेग्नर यांच्या १९८७ मधल्या प्रयोगात लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगितले, तर ते अस्वल मनात येतच राहिले. हे ऐकून तो पहिल्यांदा हसला.

समोर असलेले पर्याय

त्याला स्वतःला हवा असलेला पर्याय साधा होता : कुणीतरी मोठ्या अधिकाराच्या धर्मगुरूंनी एकदाच लिहून द्यावे की त्याला पाप लागलेले नाही. पत्नीलाही हेच सोयीचे वाटत होते. आम्ही याला विरोध केला. धर्मगुरूंचे उत्तर चुकीचे होते म्हणून नव्हे, ते बरोबरच होते. पण त्या वेळेपर्यंत उत्तर मिळवणे हाच विधीचा भाग झाला होता. लेखी उत्तर आले असते तर 'मी त्यांना सगळं सांगितलं होतं का' हा प्रश्न उरलाच असता.

याचा एक जुना दाखला त्याला सांगितला. सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोला यांना तरुणपणी जुन्या पापांच्या शंकांनी इतके ग्रासले होते की ते पुन्हा पुन्हा त्याच पापांची कबुली द्यायला जात आणि जीव देण्याचे विचारही त्यांच्या मनात आले. त्यांच्या कबुली ऐकणाऱ्या धर्मगुरूने नियम घालून दिला : जे अगदी स्पष्ट असेल तेवढेच सांग. उपयोग झाला नाही, कारण लोयोलांना सगळेच स्पष्ट वाटत होते. शेवटी जुने काहीही पुन्हा सांगायचे नाही असे त्यांनी ठरवले. शिक्षकाने ही गोष्ट दोनदा सांगायला लावली. दुसऱ्यांदा का सांगायला लावली, याचा विचार नंतर करावा लागला. ते पुढे येईल.

दुसरा पर्याय फक्त औषधाचा. ओसीडीत सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, फ्लुवोक्सामिन यांसारखी एसएसआरआय गटातली (मेंदूतल्या सेरोटोनिनवर काम करणारी) औषधे उपयोगी पडतात, पण नैराश्यापेक्षा मात्रा बहुधा जास्त लागते आणि परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे जाऊ शकतात. तीन तासांच्या विधींमुळे नोकरी धोक्यात आलेली असताना फक्त वाट पाहत बसणे परवडणारे नव्हते.

तिसरा पर्याय ईआरपी, म्हणजे भीतीला सामोरे जायचे आणि नेहमीचा विधी करायचा नाही. १९६६ मध्ये व्हिक्टर मेयर यांनी या पद्धतीने उपचार केलेले रुग्ण नोंदवले, आणि आज ओसीडीवरच्या मानसोपचारांत तिचा पाया सर्वांत भक्कम मानला जातो. पण धार्मिक ओसीडीत प्रश्न उभा राहतो, की सामोरे जायचे म्हणजे नेमके काय करायचे? मुद्दाम देवाला शिवी द्यायची? पवित्र ग्रंथ जमिनीवर ठेवायचा?

या टप्प्यावर आमच्यातच मतभेद होते. एक मत असे, की भीती ज्या वाक्याची आहे ते वाक्य मोठ्याने म्हणवून घेतल्याशिवाय भीती जाणार नाही. दुसरे मत असे, की श्रद्धाळू माणसाला जे खरोखरच पाप वाटते ते करायला लावणे हा उपचार नाही, आणि ते केल्यावर येणारी अस्वस्थता ओसीडीची की सदसद्विवेकाची हे कुणालाच सांगता येणार नाही. आम्ही दुसऱ्या बाजूने गेलो. त्याची भीती शेवटी शिवीची नव्हतीच. 'मी मुद्दाम केलं की नाही हे मला कधीच नक्की कळणार नाही', ही होती. सराव या अनिश्चिततेचा करायचा असेल तर निंदा करून घ्यायची गरजच उरत नाही.

'विचार केला तरी बाळाला काही होत नाही' हे प्रयोग करून दाखवावे, असाही एक मुद्दा निघाला. तो वगळला. या जगातले परिणाम एकवेळ तपासता येतील, मृत्यूनंतरचा हिशेब कुठल्या प्रयोगाने तपासणार? आणि गणिताचा माणूस म्हणाला असता, 'एका उदाहरणाने सिद्ध होत नाही.'

काय केले

मानसोपचारतज्ज्ञांनी सर्ट्रालिन सुरू केले, ५० मिलिग्रॅमपासून, पुढे टप्प्याटप्प्याने १५० पर्यंत. औषध घ्यायला तो तयार होता, पण त्याने एक प्रश्न विचारला जो आमच्या लक्षात राहिला : "गोळीने माझा पश्चात्तापच बोथट झाला तर? मग खरं पाप केलं तरी कळणार नाही." घाईने 'तसं काही होत नाही' म्हटले असते तर तीही एक खात्रीच ठरली असती. मानसोपचारतज्ज्ञांनी काही जणांना भावना थोड्या सपाट झाल्यासारख्या वाटतात हे मान्य केले, तसे झाले तर मात्रा बदलता येते हे सांगितले, आणि बाकी अनिश्चिततेसकट गोळी घ्यायचा निर्णय त्याच्यावर सोडला. त्याने दोन दिवसांनी गोळी सुरू केली.

धर्मगुरूंशी भेट त्याच्या संमतीने आणि त्याच्या समोर झाली. त्यांना दोन गोष्टी विचारल्या. परंपरेच्या दृष्टीने प्रार्थना 'झाली' असे कधी मानायचे? आणि कोणत्या सरावाला तुमची हरकत आहे? पहिल्याचे उत्तर : एकदा म्हटली की झाली, मन भरकटले तरी. दुसऱ्याचे उत्तर देताना ते थांबले. मुद्दाम निंदा नको, ग्रंथाचा अनादर नको, बाकी सगळे चालेल. मग त्यांना तिसरी आणि सर्वांत अवघड विनंती केली : या विषयावरच्या फोनला आता उत्तर देऊ नका. "दारात आलेल्या माणसाला परत पाठवायचं?" असे त्यांनी विचारले. ठरले असे, की फोन उचलायचा, विचारपूस करायची, आणि प्रश्न आला की एवढेच म्हणायचे : "याचं उत्तर तुला आधी मिळालंय, मी पुन्हा देणार नाही." हे त्यांना जड गेले. तरीही त्यांनी ते पाळले.

सरावाची यादी शिक्षकाने स्वतः केली, भीतीला शून्य ते शंभर गुण देऊन. सर्वांत खाली होते एखादा शब्द अडखळला तरी पुढे जाणे. मग बाळ रडत असलेल्या खोलीत प्रार्थना. मग सामूहिक प्रार्थना, जिथे मागे फिरता येत नाही. मग ग्रंथातले कोपाचे उतारे वाचून लगेच वर्गावर जाणे. वरून दुसरे होते एक वाक्य लिहून रोज मोठ्याने वाचणे : 'कदाचित मी देवाचा अपमान केला असेल, कदाचित नसेल, आणि हे मला कधीच नक्की कळणार नाही.' सर्वांत वर होते बाळाचे नाव घेऊन प्रार्थना एकदाच म्हणणे, वाक्य आले तर येऊ देणे, आणि उठून जाणे. वहीचा उजवा रकाना पहिल्याच आठवड्यात बंद झाला. डावा बंद व्हायला जास्त वेळ लागला.

अडलेला टप्पा

सहाव्या-सातव्या आठवड्यात प्रार्थना पंचवीस मिनिटांवर आली होती. कागदावर सगळे छान दिसत होते, पण तो थकलेला होता आणि मापनश्रेणीचे गुण जेमतेम उतरले होते. औषधाचा परिणाम अजून यायचाय असे म्हणून थांबता आले असते.

त्याऐवजी त्याला प्रार्थनेच्या पाच मिनिटांत मनात काय काय घडते ते सेकंदासेकंदाने सांगायला लावले. तेव्हा कळले की उघड विधी थांबले होते आणि त्यांची जागा एका आतल्या शब्दाने घेतली होती. वाक्य आले की मनातल्या मनात 'माफ कर'. डोळ्याची पापणी लवेपर्यंत काम संपलेले. दिवसात शेकडो वेळा. त्याला हा विधी वाटतच नव्हता, "ते तर आपोआप होतं" असे तो म्हणाला.

दुसरी गोष्ट त्याहून अवघड होती. आम्ही शिकवलेले 'हा ओसीडीचा विचार आहे' हे वाक्य तो प्रत्येक विचारानंतर म्हणत होता, आणि ते म्हटल्यावर त्याला हायसे वाटत होते. म्हणजे धर्मगुरूंच्या फोनची जागा आमच्या वाक्याने घेतली होती. लोयोलांची गोष्ट त्याने दोनदा का सांगायला लावली तेही आता उलगडले. ती तो रात्री स्वतःला सांगत होता : 'त्यांनाही असंच झालं होतं, म्हणजे मला पाप लागलेलं नाही.'

इथे निर्णय घ्यावा लागला. मनातल्या शब्दावर बंदी घालावी, तर तीही अस्वलाचीच गत. म्हणून 'माफ कर' निघून गेले की त्याच्यामागे लगेच मुद्दाम जोडायचे, 'पण कदाचित माफी मिळाली नसेल.' माफी मागायची मुभा राहिली, तिच्यातून सुटका मिळणे तेवढे थांबले. 'हा ओसीडीचा विचार आहे' हे वाक्य वापरातून काढून टाकले. ओळख पटली असेल तर पटली, ती म्हणून दाखवायची नाही. पुढच्या तीन आठवड्यांत गुण पहिल्यांदा झपाट्याने उतरले. त्यात औषधाचा वाटा किती आणि याचा किती, हे वेगळे काढता येत नाही.

पत्नीचा सहभाग याच सुमारास नीट ठरवला. तिने उत्तर द्यायचे नाही, 'आपण ठरवलंय ना' एवढेच म्हणायचे. पहिल्या रात्री तो तिच्यावर चिडला, उशी घेऊन दुसऱ्या खोलीत गेला. ती दुसऱ्या दिवशी आमच्यापाशी रडली : "एवढ्याशा शब्दाने त्याला झोप लागते, आणि मी तोही देत नाही." तिला हे करायला आम्ही सांगितले होते, म्हणून त्या आठवड्यात तिच्यासाठीही वेगळा वेळ ठेवला.

आणि मग बाळाला ताप आला. साधा, दोन दिवसांचा. पहिल्या रात्री त्याने प्रार्थना चार वेळा म्हटली, दुसऱ्या रात्री दोनदा, धर्मगुरूंना फोन केला, ठरलेले उत्तर मिळाले. तिसऱ्या दिवशी तो आला तो 'सगळं वाया गेलं' म्हणतच. वाया काहीच गेले नव्हते. पूर्वी अशा रात्रीनंतर आठवडे गेले असते.

निष्पत्ती

तीन महिन्यांनी गुण १७, सहा महिन्यांनी ११. वर्षाने पुन्हा मोजले तेव्हा १०. म्हणजे सौम्य पट्ट्यात, शून्य नव्हे. वाक्य अजूनही येते, विशेषतः तो थकलेला असताना. प्रार्थना पंधरा-वीस मिनिटांत होते. सामूहिक प्रार्थनेला तो नियमित जातो, ग्रंथ वाचतो. त्याच्या म्हणण्यानुसार श्रद्धा कमी झालेली नाही, पण आता प्रार्थना करताना 'ती पोहोचली का' याचा हिशेब तो ठेवत नाही. वर्षभरानंतर मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली मात्रा कमी करायला सुरुवात झाली, तीही हळूहळू, कारण औषध एकदम सोडल्यावर त्रास उलटू शकतो.

उत्तरपत्रिकांच्या बेरजा मात्र बराच काळ तशाच चालू होत्या. ते कळले सहाव्या महिन्यात, परीक्षेच्या मोसमात. धार्मिक विधी कमी झाल्यावर ही तपासणी वाढली होती. एकदाच बेरीज करून गठ्ठा जमा करणे हा सराव त्याला प्रार्थनेपेक्षाही जड गेला. "देव माफ करेल," तो म्हणाला, "पालक करणार नाहीत."

वेगळे काय करता आले असते

कुलपाचा इतिहास पहिल्याच समुपदेशकाने विचारला असता तर कदाचित गाडी 'देवधर्म बाजूला ठेवा' या स्टेशनवर थांबली नसती. कुलूप, प्रार्थना, बेरीज : विषय बदलत गेला, खात्रीची मागणी तीच राहिली. धार्मिक तक्रार घेऊन आलेल्या माणसाला धर्माबाहेरच्या शंकांविषयी विचारायला पाच मिनिटे लागतात. तेच विचारणे इथे उत्तरपत्रिकांच्या बाबतीतही आधी व्हायला हवे होते.

मनातल्या मनात चालणाऱ्या विधींची नोंद पहिल्या आठवड्यापासून ठेवणे अशा प्रकरणांत शहाणपणाचे. बाहेरचा विधी मिनिटांत मोजता येतो म्हणून सगळ्यांचे लक्ष तिकडेच जाते. प्रार्थनेची वेळ घटते आहे आणि माणूस तितकाच थकलेला आहे, असे दिसले की आत डोकवायची वेळ झाली.

पत्नीला सुरुवातीलाच सामील करून घेतले असते तर तिचे काही अवघड आठवडे वाचले असते, हेही खरे. पण उलट बाजूही आहे. त्या टप्प्यावर त्याने आपले वाक्य तिला सांगितलेले नव्हते, आणि ते सांगावे लागेल या भीतीने तो आमच्याकडे येणेच सोडण्याचा धोका होता. हा निर्णय पुन्हा घ्यायचा झाला तर तिला लवकर बोलावू, पण वाक्य सांगायचे की नाही हे त्याच्यावर सोडून. उत्तर न देण्यासाठी तिला मजकूर माहीत असण्याची गरज नसते.

धर्मगुरूंविषयीचा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. दीड वर्षानंतर ते वयोमानाने निवृत्त झाले. नवे धर्मगुरू तरुण आणि उत्साही होते. शिक्षकाने एका कमकुवत क्षणी त्यांना विचारले आणि त्यांनी आस्थेने, दाखले देत, अर्धा तास उत्तर दिले. आठवडाभरात फोन सुरू झाले. तो स्वतःहून आमच्याकडे परत आला, ही त्यातली चांगली बाजू. काही भेटींत घडी पुन्हा बसली. आता त्याच्याजवळ एक चिठ्ठी असते, त्यानेच लिहिलेली, जुन्या धर्मगुरूंनी वाचून मान्य केलेली. तिच्यात आजाराचे नाव आहे, 'कृपया या एका विषयावर मला उत्तर देऊ नका' अशी विनंती आहे, आणि खाली आमचा फोन नंबर आहे. नव्या धर्मगुरूंनी ती वाचून त्याला विचारले, की मग खरोखर काही चुकले आणि तू विचारायला आलास तर मी ओळखायचे कसे? त्यावर आम्ही तिघांनी बसून ठरवले : प्रश्न नवा असेल तर एकदा उत्तर द्यायचे, तोच प्रश्न त्या आठवड्यात परत आला तर नाही.